बंद तोंडाचा पाइप: प्लेनो येथील एका घराचे प्रकरण

टेक्सास राज्यात डॅलसला लागून असलेल्या प्लेनो या शहरात, कडाक्याच्या थंडीच्या लाटेत, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातील वरच्या मजल्यावरच्या पॅसेजचे छत मधोमध फुगू लागले. रंगाचा पापुद्रा जिप्सम बोर्डापासून सुटला होता आणि आत पाणी साठून तो दुधाच्या पिशवीसारखा खाली लोंबत होता. त्याआधी काही मिनिटे माळ्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता, पण बाहेर पाऊस नव्हता. सर्वांचा समज असा झाला की माळ्यावरचा पाण्याचा पाइप गोठून त्याच क्षणी फुटला. प्रत्यक्षात तो बहुधा दोन दिवसांपूर्वीच फुटलेला होता आणि त्या दोन दिवसांत तो घरात कोणालाही दिसला नाही की ऐकू आला नाही. असे का झाले आणि त्यात कोणाची कोणती चूक होती, हे या प्रकरणात तपासायचे आहे. एक मोठी चूक माझी होती, हे आधीच नमूद करतो.

मी मिनियापोलिसला राहतो आणि इमारतींच्या पाणी व तापन व्यवस्थेचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे. आमच्याकडे उणे २५ अंश सेल्सिअस ही बातमी होत नाही, कारण घरेच त्या हिशेबाने बांधलेली असतात. रस्त्यावरून येणारी पाण्याची लाइन जमिनीत सात-आठ फूट खोल असते, ती तळघरात वर येते, आणि तिथून पुढचे पाइप शक्यतो घराच्या आतल्या भिंतींतून नेतात. उत्तर टेक्सासमधील घर याच्या नेमके उलट असते. तिथे तळघर नसते. जमिनीवर काँक्रीटचा सपाट थर टाकून त्यावर घर उभे करतात, आणि पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप छताच्या वरून, म्हणजे माळ्यावरून फिरवून भिंतींतून खाली उतरवतात. त्या माळ्याला कडेच्या वळचणीखालून हवा खेळती ठेवलेली असते, कारण तिथला मुख्य शत्रू जुलै-ऑगस्टमधील ऊन असते. उन्हाळ्यासाठी केलेली हीच सोय हिवाळ्यात थंड वारा थेट पाइपांवर आणून सोडते. ताईचे घर १९९० च्या दशकातले, तांब्याच्या पाइपांचे, आणि धुण्याचे यंत्र वरच्या मजल्यावर असलेले आहे.

त्या आठवड्यातील थंडी तिथल्या बहुतेकांच्या अनुभवापलीकडची होती. मंगळवारी, १६ फेब्रुवारीला, डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. इतका नीचांक तिथे १९४९ नंतर नोंदला गेला नव्हता. त्याआधी, सोमवारी पहाटे, राज्याच्या वीजजाळीवरील भार उतरवण्यासाठी वीज तोडण्यास सुरुवात झाली आणि लाखो घरे अंधारात गेली. ताईकडे गॅसवर चालणारी हीटरची भट्टी आहे, परंतु तिचा पंखा आणि नियंत्रक विजेवर चालतात, त्यामुळे गॅस असूनही घर थंड पडू लागले. सांगली जिल्ह्यात वाढलेल्या माणसासाठी पाणी गोठणे म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावर साठलेले हिमकण आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलेला त्यांचा फोटो. भिंतीच्या आतले पाणी गोठू शकते, ही गोष्ट ताई आणि भावोजी यांच्या मनात वीस वर्षे तिथे राहूनही कधी आली नव्हती.

रविवारी दुपारी मी फोन करून सांगितले, "ताई, सगळे नळ गरम आणि थंड अशा दोन्ही बाजूंनी बारीक धार धरून सोडून ठेव, सिंकखालची कपाटे उघडी ठेव, आणि बाहेरच्या नळांवर जुने टॉवेल गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांध." तिने हे सारे केले. शिवाय मी न सांगताही तिने बाथटब, तीन बादल्या आणि घरातली सगळी मोठी पातेली भरून ठेवली, कारण 'उद्या पाणी येणार नाही' अशी शंका आली की भांडी भरायची, हे तिच्या हाताला लहानपणापासून लागलेले वळण आहे. पुढचे पाच दिवस संडासात ओतायला आणि चहाला तेच पाणी पुरले. त्या सबंध प्रकरणात पूर्णपणे यशस्वी ठरलेली उपाययोजना हीच म्हणावी लागेल.

माझा सल्ला मात्र अपुरा होता. 'सगळे नळ' म्हणताना मी फक्त तोट्या मोजल्या होत्या. धुण्याच्या यंत्राला तोटी नसते. त्याचे गरम आणि थंड असे दोन पाइप भिंतीतल्या एका चौकोनी पेटीत दोन कॉकपाशी येऊन थांबतात, आणि ताई प्रत्येक धुण्यानंतर ते दोन्ही कॉक आठवणीने बंद करते. यंत्राची रबरी नळी फुटून घर भरू नये म्हणून ही सवय एरवी अगदी योग्यच आहे. पण त्यामुळे त्या रात्री घरात दोनच पाइप असे होते की ज्यांचे तोंड पूर्णपणे बंद होते.

सोमवारी रात्री घरातील तापमान ९ अंशांवर आले. भावोजींना धार वाया जाताना बघवेना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातील धार थेंबांवर आणली. मंगळवारी सकाळी त्या नळाची गरम बाजू बंद पडली. थंड बाजू चालू होती. मी तातडीने सांगितले की आता मीटरपाशी जाऊन पूर्ण घराचे पाणी बंद करा, सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या, आणि गरम पाण्याच्या टाकीचा बर्नर पायलटवर, म्हणजे नुसत्या बारीक ज्योतीवर, आणून ठेवा. इथे पहिला अडथळा आला. मुख्य कॉक कुठे आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. गॅरेजमध्ये शोधाशोध झाली, तिथे नव्हता. अखेरीस भाच्याला पदपथाजवळच्या हिरवळीत, बर्फाखाली, मीटरच्या पेटीचे झाकण सापडले. ते गोठून चिकटले होते. गॅसवर तापवलेले पाणी ओतून ते उघडले, तर आत थिजलेला चिखल, आणि त्यात कॉकचे चपटे टोक जेमतेम दिसत होते. ते पाव फेरा फिरवायला टी आकाराची लांब दांड्याची चावी लागते; भावोजींकडे फक्त स्क्रू पान्हा होता आणि पेटीत हात वळत नव्हता. बोटे बधिर झाल्यावर त्यांनी प्रयत्न सोडला आणि फोनवर मला म्हणाले, "अरे, आता तसंही सगळं गोठतंच आहे, पाणी यायचं बंदच होणार. मग बंद काय करायचं?"

या वाक्यावर मी तेव्हा वाद घातला नाही, कारण त्यांच्या फोनची बॅटरी संपत आली होती आणि बाहेर उणे १५ अंशांच्या खाली थंडी होती. पण या प्रकरणातील निर्णायक क्षण तोच होता. ज्यांच्या घरी एक दिवसाआड पाणी येते, त्यांनी ही चूक लगेच ओळखावी: नळाला पाणी नाही म्हणून तोटी उघडीच राहते, घरचे झोपतात, आणि पहाटे चार वाजता पाणी आले की स्वयंपाकघरात तळे होते. गोठलेला पाइप म्हणजे तीच उघडी राहिलेली तोटी. फरक इतकाच की ती छताच्या आत असते आणि पाणी येण्याची वेळ नगरपालिका ठरवत नाही, तर बर्फ ठरवतो.

आता पाइप नेमका फुटतो कसा, हे पाहू. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगते, हे शाळेत शिकवलेले असते, आणि त्यावरून बहुतेकांची अशी कल्पना होते की बर्फ जिथे होतो तिथे तो पाइपला आतून ताणतो आणि तिथेच पाइप फुटतो. काचेच्या बाटलीचे तसे होते. पाइप मात्र लांबट असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाणी असते. सर्वांत थंड जागी पाणी शून्याच्या काही अंश खाली जाऊनही आधी द्रवच राहू शकते; मग एकदम बर्फाच्या सुया तयार होतात आणि त्यानंतर पाइपच्या कडेपासून मध्याकडे बर्फ भरत जातो. एकदा तिथे पक्के बूच बसले की पुढे वाढणारा बर्फ दोन्ही बाजूंच्या पाण्याला ढकलू लागतो. मीटरच्या बाजूच्या पाण्याला मागे सरकायला वाव असतो, शिवाय त्या बाजूला इतर नळ उघडे होते. दुसऱ्या बाजूला, बूच आणि बंद कॉक यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला कुठेच जागा नसते. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे बर्फ बोटभर पुढे सरकला तरी त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब नेहमीच्या तीन-चार बारवरून (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) शेकडो बारपर्यंत चढतो. मग त्या बंदिस्त भागात जिथे पाइप सर्वांत कमजोर असेल तिथे तो उकलतो, आणि ती जागा बर्फापासून बरीच दूर, अगदी उबदार भागातही असू शकते.

थेंब-थेंब पाणी सोडण्याचा अर्थही यावरूनच कळतो. वाहत्या पाण्याबरोबर थोडी ऊब येते, हा त्याचा एक फायदा. पण मुख्य फायदा असा की तोंड उघडे असल्यामुळे कोंडलेल्या पाण्याचा दाब चढतच नाही. पाइप गोठला तरी तो सहसा फुटत नाही. इलिनॉय विद्यापीठातील बांधकाम-संशोधकांनी १९९० च्या दशकात माळ्यावर पाइप बसवून जे प्रयोग केले, त्यांतून बाहेरचे तापमान उणे ७ अंशांच्या आसपास जाणे ही दक्षिणेकडील घरांच्या उघड्या पाइपांसाठी धोक्याची पातळी म्हणून पुढे आली; ताईकडे त्या आठवड्यात बाहेरचा पारा त्या पातळीच्या बराच खाली गेला होता. अर्थात सगळेच नळ सोडून ठेवण्याला एक सामूहिक मर्यादा आहे. त्या काळात काही शहरांनी लोकांना धारा बंद करण्याची विनंती केली, कारण सर्वांनी नळ सोडल्यामुळे आणि असंख्य पाइप फुटल्यामुळे शहराच्या टाक्यांतील दाबच उतरला होता. म्हणून वीज नसताना, घर थंड पडत असताना, धार धरून बसण्यापेक्षा मीटरपाशी पाणी बंद करून पाइप रिकामे करणे हाच मला योग्य मार्ग वाटतो.

बुधवारी संध्याकाळी वीज आली. भट्टी सुरू झाली, घर तापू लागले, आणि सर्वांना हायसे वाटले. त्या रात्री स्वयंपाकघरातील गोठलेला गरम पाइप भाच्याने मोकळा केला, आणि ते काम त्याने शिस्तीत केले. तोटी उघडी ठेवून, सिंकखाली तोटीच्या बाजूने सुरुवात करून, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा हळूहळू भिंतीकडे नेत गेला, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली. आधी भावोजींनी स्वयंपाकघरातली गॅसची बर्नरबत्ती पुढे केली होती. लाकडी चौकटीच्या भिंतीत ती पेटवण्यापासून ताईने त्यांना थांबवले. पाऊण तासाने नळ खोकल्यासारखा आवाज करून दोनदा हवा फेकता झाला, बर्फाचा चुरा पडला आणि पाणी आले. पाइप शाबूत होता.

धुण्याच्या यंत्राचा पाइप कोणाच्या लक्षातच नव्हता, कारण चार दिवस कोणी धुणे लावले नव्हते. रात्रभर घर तापले, माळ्यावरही ती ऊब पोचली, आणि गुरुवारी सकाळी तिथले बूच सुटले. फट आधीपासूनच होती. आता तिच्यात मीटरचा पूर्ण दाब आला. ताईने मला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो फुगा परातीएवढा झाला होता. आधी मी तिला त्या पॅसेजच्या दिव्यांचा आणि वरच्या मजल्याचा विजेचा स्विच पाडायला सांगितला. मग स्क्रू ड्रायव्हरने फुग्याच्या सर्वांत खालच्या टोकाला भोक पाडून खाली पातेले धरायला सांगितले, कारण वजनाने संपूर्ण बोर्ड कोसळण्यापेक्षा एका भोकातून पाणी उतरवणे परवडते. ताई पातेल्यामागून पातेले भरून बाथटबमध्ये रिकामे करत होती आणि भावोजी पुन्हा मीटरच्या पेटीपाशी पान्ह्याशी झटत होते. शेवटी समोरच्या घरातील वृद्ध गृहस्थ, काहीही न विचारता, हातात ती लांब चावी घेऊन रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी एका झटक्यात कॉक बंद केला. आवाज सुरू झाल्यापासून त्याला सुमारे पंचवीस मिनिटे झाली होती. मीटरच्या आकड्यांनुसार तेवढ्यात १३० गॅलन, म्हणजे जवळजवळ ४९० लिटर पाणी छतावर पडले होते.

दुपारी छताचा चार फूट लांबीचा तुकडा कापला. वरून भिजलेले ग्लासवूल, म्हणजे माळ्यावर अंथरलेला काचतंतूंचा कापसासारखा थर, गोळ्यागोळ्यांनी खाली आले. भावोजींनी फुटलेल्या जागेचा फोटो पाठवला: अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपला एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, अलीकडे, लांबीच्या दिशेने, साधारण चार सेंटिमीटरची फट होती आणि तिच्या कडा माशाच्या ओठांसारख्या बाहेर वळलेल्या होत्या. त्यांचा प्रश्न रास्त होता: "हा भाग तर ग्लासवूलखाली गाडलेला होता. मग इथेच कसा फुटला?" उत्तर सात फुटांवर होते. वळचणीजवळ, जिथून वारा आत येतो, तिथे तोच पाइप ग्लासवूलच्या वर उघडा पडलेला होता. काही वर्षांपूर्वी यंत्राची जागा बदलताना कारागिराने पाइप लाकडी तुळयांच्या वरून नेला होता आणि बाजूला केलेले ग्लासवूल त्याच्या खाली सारून दिले होते. ग्लासवूल स्वतः ऊब देत नाही, ते फक्त उष्णता अडवते. ते पाइपच्या वर असेल तर खालच्या खोलीची ऊब पाइपपाशी राहते. पाइपच्या खाली असेल तर तीच ऊब पाइपपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे जो थर पाइपची दुलई व्हायचा, तोच त्याचा अडसर झाला होता. शेजारचा गरम पाण्याचा पाइपही तोंड बंद असलेलाच होता, पण तो छताच्या बोर्डाला टेकून, ग्लासवूलखाली होता. तो गोठला नाही.

एकाच घरात, एकाच थंडीत दोन पाइप गोठले. स्वयंपाकघरातील पाइपचे तोंड उघडे होते आणि तो वाचला. धुण्याच्या यंत्राच्या पाइपचे तोंड बंद होते आणि तो फुटला. मी रविवारी आणखी एक वाक्य बोललो असतो, की ते दोन कॉक उघडून यंत्राच्या रबरी नळ्या काढ आणि त्या पाइपांची तोंडे बादलीत बारीक सोडून ठेव, तर गुरुवारची सकाळ वेगळी गेली असती.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेकांचा सारखाच असतो. प्लंबर मिळेपर्यंत आठवडा गेला. तोवर फुटलेला तुकडा कापून उरलेल्या टोकावर नुसते दाबून बसणारे बूच लावले आणि शनिवारी घराचे बाकीचे पाणी सुरू केले. ते बूचही दुकानांत नव्हते, समोरच्या गृहस्थांकडूनच मिळाले. ओले ग्लासवूल आणि बोर्ड गुरुवारीच बाहेर काढून पंखे लावले, कारण एक-दोन दिवसांत सुकले नाही तर बुरशी धरते. विम्याच्या माणसाने सर्वांत आधी विचारले की घर गरम ठेवण्याचा किंवा पाणी बंद करण्याचा प्रयत्न केला होता का. वीज गेल्याची नोंद आणि मीटरच्या पेटीचे भाच्याने गंमत म्हणून काढलेले फोटो तिथे उपयोगी पडले. कापलेला पाइपचा तुकडाही फेकला नव्हता, ते बरे झाले.

दुरुस्ती करताना मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. नवा पाइप पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा, टाकला, कारण तो थोडा ताणतो. पण पेक्स गोठत नाही किंवा कधीच फुटत नाही, असा जो समज आहे तो चुकीचा आहे, म्हणून त्याचा मार्गच बदलला. तो आता तुळयांच्या मधून, छताच्या बोर्डाला लागून जातो आणि ग्लासवूल त्याच्या वर आहे. वळचणीची हवा बंद केली नाही, कारण माळा कोंदला तर उन्हाळ्यात आणि दमटपणात दुसरेच त्रास होतात. फक्त वाऱ्याचा झोत वर वळावा म्हणून फोमच्या पट्ट्या तिरक्या बसवल्या. दुसरी गोष्ट अशी की धुण्याच्या यंत्राच्या शाखेला घराच्या आत स्वतंत्र कॉक आणि त्याच्या खाली पाणी काढून टाकण्याची छोटी तोटी बसवली. गॅरेजच्या दाराशी, छत्र्यांच्या खुंटीवर, मीटरची चावी टांगली. भावोजींनी भाच्याकडून तो कॉक तीनदा उघडबंद करवून घेतला.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईने वाण म्हणून बाहेरच्या नळावर बसवायच्या फोमच्या टोप्या दिल्या. दोन-तीन जणी हसल्या, पण सगळ्यांनी त्या नेल्या.

२०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, तिथला पारा पुन्हा उणे १० च्या खाली गेला. त्या रात्री ताईने मला फोन केला नाही. संध्याकाळी आठ वाजता भाच्याने मीटरपाशी पाणी बंद केले, खालचा बागेचा नळ आणि वरच्या न्हाणीघराचा नळ उघडला, धुण्याच्या यंत्राची शाखा रिकामी केली, आणि हे सारे त्याने अर्ध्या तासात उरकले. सकाळी दहाला, घर तापलेले असल्याची खात्री करून, त्याने कॉक अगदी सावकाश उघडला आणि सगळे नळ एकेक करून बंद केले. मग ताई स्वतः बाहेर जाऊन पेटीवर वाकली. मीटरच्या तबकडीवर एक लहानसा त्रिकोण असतो. घरात कुठेही पाणी गळत असेल तर तो हळूहळू फिरत राहतो. ती पाच मिनिटे तिथे उभी राहिली. त्रिकोण हलला नाही. तिने झाकण बसवले, चावी खुंटीला लावली आणि मग मला मेसेज केला: "फिरला नाही."